चिंताविकार कसा ओळखायचा? चर्चमधलं समुपदेशन कुठे उपयोगी पडतं आणि डॉक्टरकडे कधी जायचं?

छातीत धडधड सुरू होते, हातापायांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही. आता काही खरं नाही असं वाटून घरचे रिक्षात घालून दवाखान्यात नेतात. ईसीजी नॉर्मल येतो. डॉक्टर म्हणतात, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." घरी आल्यावर पॅरिशचे फादर किंवा मंडळीचे पाळकसाहेब येतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. त्या रात्री झोप लागते. आठवड्याभराने पुन्हा तेच.

ख्रिस्ती कुटुंबांमध्ये अशा वेळी पहिला फोन अनेकदा चर्चमध्ये जातो. ते स्वाभाविकही आहे. फादर ओळखीचे असतात, फी नसते, आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेर कुणी बघेल ही भीतीही नसते. प्रश्न पुढचा आहे. हा आजार आहे की विश्वास कमी पडतोय? आणि चर्चमध्ये बसून समुपदेशन करणारी व्यक्ती यावर काय करू शकते, काय करू शकत नाही? समजून घेऊया.

काळजी आणि चिंताविकार यांत फरक काय?

काळजी सगळ्यांनाच वाटते. मुलीची दहावी, घराचा हप्ता, वडिलांचं ऑपरेशन, यांची काळजी वाटली नाही तरच नवल. अशी काळजी कारणाबरोबर येते आणि बहुतेक वेळा कारणाबरोबर जाते. निकाल लागला, ऑपरेशन नीट झालं, की आपण पुन्हा जेवायला लागतो.

चिंताविकारात, म्हणजे अँग्झायटी डिसऑर्डरमध्ये, हे गणित बिघडतं. कारण छोटं असतं आणि भीती मोठी. एक कारण संपलं की मन दुसरं शोधतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या भीतीमुळे रोजचं जगणं आक्रसत जातं. माणूस ट्रेनने जाणं टाळतो, लग्नाकार्याला जात नाही, फोन उचलत नाही. डॉक्टर निदान करताना 'किती वाटतं' यापेक्षा 'किती काळ' आणि 'त्यामुळे काय बंद पडलंय' हे जास्त बघतात.

सर्वसाधारण चिंताविकाराचं निदान करताना साधारण सहा महिन्यांचा काळ धरला जातो. या काळात बहुतेक दिवस वेगवेगळ्या गोष्टींची अतोनात काळजी वाटते आणि ती आवरता येत नाही. सोबत अस्वस्थता, लवकर थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, अंग आखडणं आणि झोपेची तक्रार, यांतली किमान तीन लक्षणं असावी लागतात. 'किमान तीन' हा प्रौढांचा निकष आहे, लहान मुलांमध्ये एक लक्षणही पुरतं.

हा दुर्मीळ आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगभरात ३० कोटी १० लाख लोक चिंताविकारासह जगत होते. त्यांत ५ कोटी ८० लाख मुलं आणि किशोरवयीन होते.

आपण मात्र याला 'चिंता' म्हणतच नाही. आपण म्हणतो जीव घाबरतो, छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, गॅस वर चढतो, डोकं बधिर होतं. त्यामुळे पेशंट आधी पोटाच्या डॉक्टरकडे जातो, मग हृदयाच्या, मग कुणी सांगितलं म्हणून एखाद्या वैद्याकडे. रिपोर्टची फाइल जाड होत जाते. शरीराच्या या तक्रारी खोट्या नसतात. भीतीच्या वेळी शरीरात ॲड्रेनॅलिन वाढतं, हृदय जोरात धडधडतं, श्वास जलद होतो, पचन बिघडतं. वाघ समोर असता तर हे सगळं उपयोगी पडलं असतं. इथे वाघ नाही, पण शरीराला ते कळत नाही.

पॅनिक अटॅक, सोशल अँग्झायटी आणि चर्चचा शेवटचा बाक

चिंताविकार हे एक कुटुंब आहे. पॅनिक अटॅकमध्ये तीव्र भीती अचानक उसळते आणि काही मिनिटांत शिगेला पोहोचते. आपण मरतोय किंवा आपल्याला वेड लागतंय असं वाटतं, आणि मग ती ओसरते. असा अटॅक एकदा आला म्हणजे विकार झाला असं नाही. पण अटॅक पुन्हा पुन्हा येऊ लागले आणि 'पुन्हा येईल' या धास्तीनेच माणूस वागणं बदलू लागला, तर तो पॅनिक डिसऑर्डर असू शकतो.

बाकीचे प्रकार ओळखायला रविवारचं चर्च ही चांगली जागा आहे. कायम शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसणारी आणि गर्दी वाढली की बाहेर जाऊन उभी राहणारी एखादी बाई आठवते का? पटकन बाहेर पडता येणार नाही अशा जागेची भीती, म्हणजे अगोराफोबिया, अनेकदा अशीच दिसते. उपासनेत शास्त्रवाचनाला नाव लागलं म्हणून दोन रविवार गैरहजर राहणारा तरुण? सगळे आपल्याकडे बघतील, आवाज थरथरेल, हसतील, या भीतीने आयुष्यच आखलं जात असेल तर ती सोशल अँग्झायटी असू शकते. आपण त्याला 'लाजाळू आहे' म्हणून सोडून देतो. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखणारं आणि सुट्टीच्या दिवशी टुणटुणीत असणारं मूल नाटकी असेलच असं नाही. आईपासून दूर जाण्याच्या भीतीचाही एक विकार असतो.

अर्थात कुणी शेवटच्या बाकावर बसतं ते पंखा तिथे आहे म्हणूनही. नुसतं बघून निदान करू नका, विचारा.

एक काळजी आधी घ्यायला हवी. पहिल्यांदाच छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर 'पॅनिक असेल' म्हणून घरी बसू नका, आधी दवाखाना गाठा. थायरॉइड वाढणं, हृदयाच्या ठोक्यांमधले दोष, ॲनिमिया, दारू अचानक सोडणं, काही औषधं, अगदी दिवसभरातला सहा-सात कप चहा, यांनीही अशीच लक्षणं दिसू शकतात. म्हणून चांगला डॉक्टर मनाकडे वळण्याआधी साध्या रक्ततपासण्या करून घेतो.

स्वतःला तपासून बघायचं असेल तर 'जीएडी-७' ही सात प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते. मागच्या दोन आठवड्यांत काय वाटलं, याला प्रत्येकी ० ते ३ गुण. एकूण २१ पैकी १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाला भेटावं, असं साधारण मानलं जातं. ही चाळणी आहे, निदान नव्हे.

'चिंता करू नका' असं शास्त्रातच लिहिलंय ना?

ख्रिस्ती घरांमध्ये चिंताविकाराचा त्रास इथे दुप्पट होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात उद्याची चिंता करू नका, असा येशूचा उपदेश आहे. पौलानेही फिलिप्पैच्या मंडळीला कशाचीही चिंता न करता प्रार्थना करा, असं सांगितलं. आधाराची ही वचनं आजारी माणसाला ऐकवली की त्याला आरोप ऐकू येतो. 'मला चिंता वाटते, म्हणजे माझा विश्वास कच्चा, म्हणजे देव माझ्यावर नाराज.' आधी फक्त भीती होती, आता भीतीबद्दलची शरमही आली. मग तो लपवायला लागतो. चर्चमध्ये 'कसे आहात?' या प्रश्नाला 'देवाची कृपा' हे उत्तर तयारच असतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी श्रद्धा आणि ताण यांवर अनेक वर्षं काम केलं. संकटात लोक श्रद्धेचा वापर दोन तऱ्हांनी करतात, असं त्यांनी मांडलं. देव सोबत आहे, मंडळी सोबत आहे, या भावनेने माणूस सावरतो. पण देव मला शिक्षा देतोय, त्याने मला टाकलंय, असं वाटणाऱ्यांमध्ये त्रास जास्त आढळतो. म्हणजे 'धर्म मनाला चांगला की वाईट' हा प्रश्नच अर्धवट आहे. कुणाची श्रद्धा त्याच्याशी कोणत्या सुरात बोलते, हे बघायला लागतं. आणि ते बघायला श्रद्धेची भाषा येणारा माणूस लागतो. ख्रिस्ती समुपदेशनाचा खरा उपयोग इथे आहे.

असा समुपदेशक १ राजेच्या १९ व्या अध्यायातल्या एलीयाची गोष्ट काढू शकतो. मोठ्या विजयानंतर लगेच हा संदेष्टा जीव मुठीत धरून पळतो, झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला रागावत नाही. तो त्याला भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. बोलणं नंतर. किंवा तो कलस्सैकरांस पत्रातला लूक दाखवू शकतो. तो पौलाचा प्रिय सोबती आणि पेशाने वैद्य. पेशंटला जे दहा डॉक्टर सांगून पटत नाही, ते कधी कधी असं पटतं.

ख्रिस्ती समुपदेशन म्हणजे नक्की काय?

इथे मोठा गोंधळ आहे, कारण एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात.

पहिली म्हणजे पाळकीय समुपदेशन. फादर, सिस्टर किंवा पाळक दुःखात, आजारपणात, लग्नाच्या अडचणीत आधार देतात. याला आधुनिक प्रशिक्षणाची जोड देणाऱ्यांमध्ये अमेरिकेतल्या अँटन बॉयझन यांचं नाव येतं. हे पाळक १९२० मध्ये स्वतः गंभीर मानसिक आजाराने मनोरुग्णालयात दाखल झाले होते. बरे झाल्यावर मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथल्या सरकारी मनोरुग्णालयात ते चॅप्लिन झाले. १९२५ पासून त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात रुग्णांसोबत बसवून शिकवायला सुरुवात केली.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट टोकाची. १९७० मध्ये जे ॲडम्स या अमेरिकन पाळकांनी 'कॉम्पिटंट टू कौन्सेल' हे पुस्तक लिहिलं. शारीरिक कारण नसलेल्या मानसिक त्रासाच्या मुळाशी बहुतेकदा पाप असतं, त्यावर उपाय शास्त्रात आहे आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाची गरज नाही, असा त्यांचा रोख होता. यातून 'बिब्लिकल कौन्सेलिंग' नावाची चळवळ उभी राहिली. आज तिच्यात मवाळ आणि वैद्यकीय उपचार मानणारे लोकही आहेत. पण 'गोळ्या सोड आणि पश्चात्ताप कर' हा सल्ला जिथे कुठे मिळतो, तिथे तो याच पठडीतून आलेला असण्याची शक्यता असते.

तिसरी म्हणजे दोन्हींचा मेळ. मानसशास्त्राची रीतसर पदवी घेतलेला आणि ख्रिस्ती श्रद्धा समजणारा थेरपिस्ट. कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीने १९६५ मध्ये मानसशास्त्राचं स्वतंत्र विद्यालय काढलं, ते याच विचारातून.

भारतात हा मेळ घालणाऱ्यांमध्ये ई. स्टॅन्ली जोन्स यांची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. हे मेथडिस्ट मिशनरी १९०७ मध्ये भारतात आले. पहिल्या काही वर्षांतच कामाच्या ताणाने ते मानसिकदृष्ट्या वारंवार कोसळले. मायदेशी जाऊन विश्रांती घेऊनही परत आल्यावर पुन्हा तेच. शेवटी लखनौमध्ये प्रार्थना करताना आपल्याला बळ मिळालं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणजे प्रार्थनेने सावरल्याचा अनुभव त्यांच्याजवळ होता. तो सांगत फिरणं सोपं होतं. पण त्याच लखनौमध्ये १९५० साली त्यांच्या पुढाकारातून 'नूर मंझिल' हे मनोरुग्णालय उभं राहिलं, मानसोपचारतज्ज्ञांसह. आपल्या अनुभवावरून इतरांना औषधाची गरज नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्येही मानसोपचार विभाग आणि चॅप्लिनचा विभाग एकाच संस्थेत काम करतात. महाराष्ट्रात मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी शिकागोच्या लोयोला विद्यापीठात पाळकीय समुपदेशनाचं शिक्षण घेतलं. १९७० च्या दशकात त्यांनी पुण्यात 'साधना' ही समुपदेशन आणि अध्यात्म शिकवणारी संस्था सुरू केली. पुढे ती लोणावळ्याला गेली.

पापनिवेदन थांबत नाही तेव्हा

एक प्रकार असा आहे की तो ओळखण्यात धर्मगुरू डॉक्टरच्याही पुढे असू शकतो.

माणूस पापनिवेदनाला येतो, क्षमा मिळते, तो बाहेर पडतो आणि दारातच त्याला वाटतं की एक गोष्ट नीट सांगितली नाही. तो परत येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. प्रार्थना म्हणताना एक घाणेरडा विचार मनात आला, आता ती पहिल्यापासून म्हणायला हवी. मिस्सेला पवित्र प्रसाद घ्यायला आपण पात्र आहोत का, याची शंका संपत नाही. बाहेरून हा माणूस अतिशय भाविक दिसतो. आतून तो होरपळत असतो.

याला इंग्रजीत 'स्क्रुप्युलॉसिटी' म्हणतात. डॉक्टर याला बहुतेकदा ओसीडीचा, म्हणजे मंत्रचळाचा, धार्मिक अवतार मानतात. २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन वर्गीकरणाने ओसीडीला चिंताविकारांच्या यादीतून काढून वेगळं घर दिलं आहे, पण भीतीचं यंत्र बरंचसं तेच.

चर्चला हा त्रास शतकानुशतकं माहीत आहे. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (गोव्यात ज्यांचे अवशेष आहेत त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे सहकारी) १५२२ मध्ये स्पेनमधल्या मनरेसा इथे राहत असताना यातूनच गेले. त्यांनी सगळी पापं लिहून कबूल केली होती, तरी समाधान होईना. उपास झाले, तासन्‌तास प्रार्थना झाल्या. जीव द्यावा असंही त्यांना वाटलं. त्यांच्या धर्मगुरूने सांगितलं की जुनी पापं पुन्हा सांगू नकोस, एखादं अगदी स्पष्ट असेल तरच सांग. इग्नेशियसची अडचण अशी की त्यांना सगळीच अगदी स्पष्ट वाटत होती!

आजची भाषा वापरली तर त्या धर्मगुरूची दिशा बरोबर होती, पण त्याने एक पळवाट उघडी ठेवली. ओसीडीवरच्या उपचारात भीतीला सामोरं जायचं आणि ती शमवण्यासाठीची कृती करायची नाही, असा सराव थेरपिस्टसोबत पायरीपायरीने करतात. दर वेळी 'तुला क्षमा झाली आहे' असं सांगून धीर देणं दयाळूपणाचं वाटतं, पण त्याने तात्पुरतं बरं वाटून शंकेची भूक वाढते. म्हणून इथे फादर आणि थेरपिस्ट यांनी एकमेकांशी बोलणं फार उपयोगी ठरतं, अर्थात पेशंटच्या परवानगीने. फादरने ठरवायचं की महिन्यातून एकदाच पापनिवेदन, ठरलेल्या वेळात, उजळणी नाही. थेरपिस्टने त्या महिन्यातली तगमग सोसायला शिकवायचं. धर्म न मानणारा थेरपिस्ट एकटा हे सांगायला गेला तर पेशंटला वाटेल, हा माझा देव काढून घेतोय.

याने खरंच बरं वाटतं का?

चिंताविकारांवर सर्वांत जास्त अभ्यासलेली बोलण्याची थेरपी म्हणजे सीबीटी. यात विचार तपासायला आणि टाळलेल्या गोष्टींकडे हळूहळू परत जायला शिकवतात. शेवटच्या बाकावरच्या त्या बाईला पहिल्या आठवड्यात शेवटून दुसरा बाक, पुढे खांबाजवळचा, मग रांगेच्या मध्ये, असं नेता येतं. घाबरायला झालं तरी उठून जायचं नाही, भीती आपणहून उतरते हे शरीराला कळू द्यायचं.

श्रद्धेची भाषा वापरून केलेली सीबीटी कितपत चालते? अमेरिकेत हॅरल्ड कोनिग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दीर्घ आजारासोबत नैराश्य असलेल्या १३२ लोकांवर नेहमीची आणि धार्मिक अशा दोन्ही तऱ्हांची सीबीटी वापरून पाहिली. दोन्हींचा परिणाम साधारण सारखाच आला. हा अभ्यास नैराश्यावरचा होता, चिंताविकारावरचा नाही. त्यातून मी एवढाच अर्थ काढेन की थेरपी नीट शिकलेली असेल तर तिला श्रद्धेची जोड दिल्याने ती बिघडत नाही. थेरपीच नसेल आणि फक्त वचनं असतील, तर त्या अभ्यासाचा दाखला देता येणार नाही.

मग मानसशास्त्राची पदवी नसलेली, पॅरिशमधली एखादी व्यक्ती काहीच करू शकत नाही का? याचं उत्तर गोव्यात शोधता येतं. तिथे 'संगत' या संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाने 'मानस' नावाची चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने निवडले होते. निम्म्या ठिकाणी स्थानिक, आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या लोकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन नैराश्य आणि चिंतेच्या पेशंटसाठी नेमलं. सरकारी केंद्रांमध्ये याचा फायदा स्पष्ट दिसला. खासगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही.

याचा चर्चशी संबंध नव्हता, पण चर्चने यातून शिकण्यासारखं आहे. त्या समुपदेशकांना ठरलेलं प्रशिक्षण होतं, त्यांच्या कामावर देखरेख होती, आणि जड केस वर पाठवायला मानसोपचारतज्ज्ञ होता. पॅरिशमधल्या समुपदेशन केंद्रात या तीन गोष्टी असतील तर तिथे जायला हरकत नाही. फक्त चांगलं मन आणि बायबलची प्रत असेल, तर ती सोबत झाली. सोबतही लागतेच, पण तिला उपचार म्हणू नये.

समुपदेशक निवडताना काय विचारायचं?

विचारायला संकोच वाटतो, विशेषतः समोर फादर असतील तर. तरी विचारा. तुमचं शिक्षण काय, कुठे झालं? कुणाच्या देखरेखीखाली काम करता? तुमच्या ओळखीचा मानसोपचारतज्ज्ञ आहे का, आणि मागच्या वर्षभरात तुम्ही त्याच्याकडे कुणाला पाठवलंय का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याने कधीच कुणाला पुढे पाठवलेलं नाही, त्याच्याकडे फक्त सोपे पेशंट येतात असं समजणं कठीण आहे.

'समुपदेशक' ही पाटी आपल्याकडे कुणीही लावताना दिसतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर असतो. औषध लिहून देण्याचं काम त्याचं.

डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगणारा, बरं न वाटण्याचं खापर तुमच्या विश्वासावर फोडणारा, बरं होण्यासाठी देणगी मागणारा, तुमची गोष्ट नाव न घेता का होईना पण प्रवचनात सांगणारा, अशा माणसाकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. भीतीच्या झटक्याला 'सैतान लागला' म्हणून मारहाण करणं हा तर गुन्हा आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे. कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या नियमांतही सैतान काढण्याचा अधिकृत विधी बिशपच्या परवानगीशिवाय करता येत नाही.

गोपनीयतेबद्दल एक गैरसमज आहे. कॅथलिक पापनिवेदनात सांगितलेली गोष्ट धर्मगुरू कुणालाही सांगू शकत नाही, ते बंधन पूर्ण आहे. समुपदेशनाच्या खोलीतलं बोलणं म्हणजे पापनिवेदन नव्हे, समोर तेच फादर असले तरी. चांगला समुपदेशक गोष्टी गुप्त ठेवतो, पण जिवाला धोका असेल तर त्याला घरच्यांना किंवा डॉक्टरला सांगावं लागतं. लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती कळली तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. या मर्यादा पहिल्या भेटीतच स्पष्ट करून घ्या.

गोळ्या घ्याव्या लागल्या तर?

सगळ्यांना लागत नाहीत. सौम्य त्रासात नुसत्या थेरपीने भागू शकतं. त्रास जास्त असेल तर डॉक्टर बहुतेकदा एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन अशी एसएसआरआय गटातली औषधं देतात. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात आणि सुरुवातीच्या दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थता वाढल्यासारखं वाटू शकतं. नेमकं याच दिवसांत पेशंट 'औषध सोसत नाही' म्हणून सोडतो. सोडू नका, डॉक्टरला फोन करा. ही औषधं एकदम बंद करणंही बरं नाही, ती हळूहळू कमी करायची असतात.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या वेगळ्या. त्या लगेच शांत करतात आणि म्हणूनच त्यांची सवय लागते. त्या थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरच्या नजरेखाली घ्यायच्या. शेजारच्या काकूंना लागू पडली म्हणून मेडिकलमधून आणलेली 'झोपेची अर्धी गोळी' वर्षानुवर्षं घेणारे लोक प्रत्येक गल्लीत सापडतील.

मदत कुठे मिळेल?

'टेली मानस' ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. पहिला फोन कुठे करावा हे सुचत नसेल तर इथे करा. सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. महाराष्ट्रात ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. या नावांना घाबरू नका. तिथे ओपीडीत दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. ओपीडी आणि थेरपीचा खर्च मिळतो की नाही, हे मात्र आपापल्या पॉलिसीत वाचून घ्या.

जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर अपॉइंटमेंटची किंवा रविवारची वाट पाहू नका. १४४१६ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. घरच्यांनी अशा माणसाला एकटं सोडू नये, आणि प्रार्थना करायची तर ती दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात बसूनही करता येते.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर लिहून न्या: त्रास कधी सुरू झाला, आठवड्यातून किती वेळा होतो, त्यामुळे काय करणं सोडलंत, कोणती औषधं चालू आहेत, झोप आणि चहा-दारू किती, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. जुने रिपोर्ट सोबत ठेवा. श्रद्धा तुमच्या जगण्यात महत्त्वाची असेल तर तेही डॉक्टरला सांगा. तो चर्चला जाणारा नसला तरी चालेल, ऐकून घेणारा हवा.